इस्टेटीचा निरोप

“भिंती वं, घरात पाणी आहे का?”

पंचेचाळीस वर्षं झाली, पण कौशल्याबाईच्या कानात तो आवाज अजून ओला आहे. तिच्या भासऱ्याचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा आवाज. दुपारी शेतातून आला की तो ओसरीत उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि मातीच्या भिंतीला पाणी मागायचा. भिंतीपलीकडे सतरा वर्षांची कौशल्या आहे हे त्याला ठाऊक, आणि भिंतीलाही ठाऊक. पण भासऱ्यानं धाकट्याच्या बायकोशी बोलायचं नाही, तिनं त्याच्यासमोर यायचं नाही, अशी रीत. मग मधल्या मध्ये भिंतीलाच कान आणि तोंड फुटायचं. कौशल्या तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. अकरा वर्षांत तिनं त्या माणसाचे पाय तेवढे पाहिले. कोणती टाच भेगाळली, पायाला चिखल कोणत्या बांधीचा, म्हणजे धानाच्या कोणत्या वाफ्याचा लागला, सारं पाठ. चेहरा नीट पाहिला तो एकदम तिरडीवर.

धानाच्या रोवणीत बायका वाकल्या वाकल्या म्हणायच्या:

भासऱ्याची चाहूल, पदर आला डोईवर ।
अर्धा भात चुलीवर, अर्धा जीव दारावर ॥

मग भावाभावांची वाटणी झाली. कशावरून, ते आता कोणालाच सांगता यायचं नाही. कोणीतरी कोणाचा निरोप कोणाला भलताच सांगितला, एवढंच गावाला आठवतं. एकाच शेतात मधून नवा धुरा, नवा बांध पडला. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला निघताना भासरा ओसरीत थांबला, खाकरला. “भिंती वं, राग आहे का काही?”

भिंत काही बोलली नाही. रीतच नव्हती.

आता कौशल्याबाई स्वतःच भिंत झाली आहे, आणि चांगली बोलकी. तिचा थोरला मुलगा इश्वर पुण्याच्या एका कंपनीत सहा वर्षं वेबसाइटी बांधून आसगावला परत आला आणि त्याच ओसरीत दोन टेबलं, तीन कॉम्प्युटर मांडून बसला. धाकटा अमर मोटारसायकलवर गावोगाव फिरतो, कामं आणतो, माहिती गोळा करतो. अमरची बायको गुंजन नागपुरात इंजिनिअरिंग शिकून आलेली. ती स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते. इश्वरची बायको दामिनी सिहोऱ्याला नर्स आहे, ती शनिवारची येते आणि रविवारची जाते.

इश्वर आणि गुंजन एकाच जुवाला जुंपलेले दोन बैल. पण तीन वर्षांत दोघांमध्ये समोरासमोर एक शब्द झालेला नाही. मनाई कोणीच केली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी इश्वर म्हणाला, “माय, सूनबाईले सांग, वायफायचा पासवर्ड दारामागं लिहून आहे.” आणि गुंजन आतून म्हणाली, “आई, त्यायले सांगा, दिसला.” झालं. रीत मांजरीसारखी असते. तिला कोणी बोलावत नाही, पण एकदा चुलीपाशी बसली की कोणी हाकलतही नाही.

मोबाइलवर ‘आसगाव ऑफिस’ नावाचा गट आहे. त्यातही दोघं लिहितात ते कौशल्याबाईलाच. ‘आई, त्यायले सांगा, नकाशाचं पान झालं.’ कौशल्याबाईला वाचता येतं, पण तिला चष्मा सापडेपर्यंत इश्वरनं ते वाचून झालेलं असतं. तरी ती चष्मा लावते, ओठ हलवत वाचते, उठून ओसरीत जाते आणि सांगते, “नकाशाचं पान झालं म्हणते.” तेव्हा कुठं इश्वर म्हणतो, “हौ का? बेस झालं.”

यंदा काम मोठं मिळालं होतं. तलावांवरच्या त्रेसष्ट पाणी वापर संस्थांच्या महासंघाला एक वेबसाइट पाहिजे होती. कोणत्या तलावात किती पाणी, आज कोणाच्या बांधीची पाळी, कोणाची तक्रार, कुठं सभा, सारं एकाच जागी. मोजली तर दीडशे पानं. महासंघाचे अध्यक्ष टेकचंदजी म्हणाले होते, “उन्हाळी धानाच्या पाळ्या सुरू व्हायच्या आत पाह्यजे. मंग एक दिवस येऊन पाह्यतो.” हे काम जमलं तर ओसरीतलं ऑफिस टिकणार होतं. नाहीतर इश्वर पुन्हा पुण्याला, अमर-गुंजन नागपूरला आणि कौशल्याबाई आसगावला, असं प्रत्येकानं मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं; बोललं मात्र कोणीच नव्हतं.

इश्वरनं पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढले. वर एक मोठा, त्याच्याखाली चार, त्यांच्याखाली आणखी, अशी उलटी पिंपळाची फांदी.

“हे काय होय बापा?” कौशल्याबाईनं चहा ठेवता ठेवता विचारलं.

“माय, दीडशे पानाची वेबसाइट म्हंजे घर नसते, गाव असते. गाव बसवाच्या आधी रीत ठरवा लागते. हा वरचा डब्बा मालक. तलावाची पातळी, पाळी, नावं, सारं याच्याजवळ. खालच्या डब्ब्याइनं याच्याकडून घ्यायचं.”

“खालच्याले काही सांगाचं असलं तं?”

“त्यानं वर सांगाचं. त्याच्या वरच्यानं आणखी वर. असं मालकापावेतो. मंग मालक खाली सांगन.”

“आन् बाजूच्या डब्ब्याले सरळ बोललं तं?”

“नाही चालत. दोन शेजारी परस्पर बोलाले लागले का कोण कोणाले काय बोललं थेच समजत नाही. गोंधळ होते.”

कौशल्याबाईनं फळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. “मंग हे तं आपलंच घर आहे.”

इश्वरला हसू आलं, आणि जरा गर्वही वाटला. “पुण्यातल्या पोराइले हे समजाले सहा महिने लागले होते माय.”

“त्याइच्या घरी सासू नसन,” कौशल्याबाई म्हणाली.

त्या दिवसापासून फळ्यावरचा सगळ्यांत वरचा चौकोन म्हणजे आपणच, असं तिनं धरलं आणि ती निरोपांना जास्तच जपू लागली. शब्द तिच्या तोंडात थोडे वळायचे, तेवढं चालायचं. गुंजन म्हणायची, “आई, सांगा, कंपोनंट तोडून दोन केले.” कौशल्याबाई ओसरीत जाऊन सांगायची, “कंपाउंड तोडून राहिली म्हणते.” इश्वर क्षणभर खिडकीतून कंपाउंडकडे पाहायचा आणि मग मान हलवायचा. तिकडून तो म्हणायचा, “तिले सांग, बग निघाला का नाही?” ती आत येऊन विचारायची, “बगळा निघाला का?” गुंजन लॅपटॉपआड तोंड लपवून म्हणायची, “निघाला, आई. उडून गेला.”

पण सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. लिहिलेली गोष्ट टोचते, आणि तीच कौशल्याबाईच्या तोंडून गेली की गूळ लावून जाते. इश्वर चिडून म्हणाला, “हे असं कोणी करते का?” तर आत पोचताना त्याचं व्हायचं, “थो म्हणते, मेहनत केली पोरीनं, पण आणखी एकदा पाहून घे.” म्हणून अवघड बोलणं असलं की दोघंही मोबाइल बाजूला ठेवून तिलाच हाक मारायचे.

तीन महिने होत आले, तेव्हा टेकचंदजी एका गुरुवारी काम पाहायला येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारी गुंजननं तशीच हाक मारली. कौशल्याबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. गुंजन येऊन समोर बसली. चेहरा उतरलेला. सकाळपासून ती तक्रारीच्या पानावर काम करत होती, आणि तिथं एक अक्षर लिहिलं की त्रेसष्टच्या त्रेसष्ट तलावांची पानं नव्यानं मांडली जात होती. मालक डब्ब्यात एवढंसं हललं तरी खालचे सगळे डबे खडबडून उठायचे. एकाच्या घरी शिंक आली आणि सगळ्या गावानं नाक पुसलं, असा प्रकार.

प्रत्येक पानाची अशी जी चालू घडीची स्थिती असते, तिला गुंजनच्या धंद्यात ‘स्टेट’ म्हणतात: चौकटीत काय लिहिलं, कोणतं बटन दाबलं, कोणती यादी उघडी आहे, ते. इश्वरनं ती सगळी वरच्या एका डब्ब्यात कोंबली होती. आता स्कूलचं इस्कूल आणि स्टेशनचं इस्टेशन जिथं होतं, तिथं स्टेटचं काय होणार? कॉलेजात गुंजन नीट म्हणत असेल. पण सासूसमोर, सुपासमोर, घरच्या बोलीत तिच्या तोंडून शब्द आला तो घरचाच होऊन.

“आई, त्यायले एक सांगा लागते. पण बरोबर सांगजा. कठीण आहे.”

“बोल ना वं.”

“त्यायले सांगा, इस्टेट सारी वर एकाच जागी ठेवू नका म्हणा. ज्याची त्याले देऊन टाका.”

कौशल्याबाईचा हात तांदळातच थांबला.

“मधातल्याले फुकटचं ओझं होते,” गुंजन बोलत राहिली. “त्याच्या कामाचं काहीच नसते, थे बिचारं वरून घेते न खाली देते, वरून घेते न खाली देते. जे सगळ्याइचं आहे थेवढंच वर राहू द्या. बाकीचं वाटून टाका.”

“तुनं… बरोबर विचार केला का बाई?”

“तीन महिने झाले, पाहून राहिली मी. आधी वाटलं, चालून जाईन. आता नाही चालत.”

“अमरले माहीत आहे?”

“त्यायले काय समजते त्यातलं!”

ते मात्र कौशल्याबाईला पटलं. अमरला शेतातलं काहीच समजत नव्हतं. तिनं विचारलं, “आन् इश्वर नाही म्हणला तं?”

गुंजननं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. “तं मंग मले इथं काम करता येणार नाही, आई. सारं अडून बसन. मंग सोडवाले लई जड जाईन. म्हणून म्हणते, लवकर सांगा.”

एवढं बोलून ती उठली, आणि मनावरचं ओझं उतरल्यासारखी खोलीत गेली. ओझं कुठं गेलं ते तिनं वळून पाहिलं नाही.

कौशल्याबाईनं सूप खाली ठेवलं. गुंजनचा आवाज वाईट नव्हता, राग नव्हता, मागणीत हाव नव्हती. म्हणूनच कौशल्याबाईला जास्त भीती वाटली. भांडून मागितलेली वाटणी उद्या विसरली जाते. अशी शांतपणे, खडा निवडत मागितलेली वाटणी झाल्याशिवाय राहत नाही. आणि ते मधातल्याचं बोलणं! वरून घेते न खाली देते. म्हणजे पोरीला आपली कीव आली होती की आपला कंटाळा आला होता, हे तिला कळेना. नवऱ्याच्या मागं राहिलेली सहा एकर धानाची जमीन, हे घर, आणि दोघं भाऊ. इश्वरला हे सांगितलं तर तो एक शब्द बोलणार नाही. पण त्याच्या तोंडचं पाणी पळेल. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. ओठावर आपोआप ओवी आली:

जात्यात घाली मूठ, पीठ भोवती सांडे ।
बोलाचा एक खडा, अवघं घर भांडे ॥

खडा आपल्याच पदरात बांधून ठेवायचा, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजननं विचारलं, “काय म्हणले, आई?”

“विचार करतो म्हणे.”

कौशल्याबाई आजवर निरोपाला गूळ लावत आली होती. नुसता गूळच पाठवण्याची ही पहिली वेळ.

शुक्रवारी गुंजननं पुन्हा विचारलं. “अजून विचारच करून राहिले?”

“मोठी गोष्ट आहे बाई. घाईनं होते का?”

“मोठी आहे म्हणूनच तं म्हटलं.” गुंजन आत गेली आणि दार जरा जोरात लागलं.

ओसरीतून इश्वरनं विचारलं, “माय, गुंजनचं काही म्हणणं आहे का? दोन दिवसापासून तिचा एकही निरोप नाही.”

“काही नाही बापा. सारं बेस आहे.”

“तक्रारीचं पान झालं का तिचं?”

“होऊन राहिलं म्हणते.”

शनिवारी दामिनी आली, तिला सासू वाळल्यासारखी वाटली. “आई, बीपी पाहू द्या,” म्हणून तिनं दंडाला पट्टा बांधला, आणि आकडा पाहून म्हणाली, “काय टेन्शन घेतलं तुमी?” कौशल्याबाई म्हणाली, “गुरुवारी टेकचंदजी जेवाले आहेत ना.” दामिनी हसली. अमरही त्याच दिवशी घरी परतणार होता, पण सिहोऱ्याकडचे तलाव मोजायचे राहिले म्हणून तिकडंच थांबला होता.

रविवारी कौशल्याबाई एकटीच शेतावर गेली. धुऱ्यावर उभी राहून तिनं नजरेनं जमीन दोन ठिकाणी कापून पाहिली. इकडून कापली तर विहीर इश्वरकडे जात होती; तिकडून कापली तर पाट अमरच्या बांधीत शिरतच नव्हता. कशीही कापली तरी कोणाच्या तरी बांधीत जाण्यासाठी पाण्याला दुसऱ्याच्या बांधीतून जावं लागत होतं. हे पाणी मधातल्या बांधीचं नसतं, ती नुसती वरून घेते आणि खाली देते. पोरगी बोलली ते खोटं नाही, असं वाटून तिला आणखीच वाईट वाटलं.

घरी येऊन तिनं ट्रंकेतून आपली सोन्याची पोत काढली आणि गुंजनच्या हातात ठेवली. “ठेव वं. तुहीच होय.”

“हे काहून, आई?”

“ज्याची त्याले.”

गुंजननं पोत पाहिली, सासूकडे पाहिलं. आपल्या भासऱ्यानं, इश्वरनं, निरोपाला धड उत्तर दिलं नाही म्हणून सासू आपली समजूत काढते आहे, असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. पोत तिनं घेतली नाही.

गुरुवार उजाडला. टेकचंदजी महासंघाच्या दोन माणसांना घेऊन आले. धोतर पांढरं, जाकीट त्याहून पांढरं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला इश्वरनं कॉम्प्युटर जोडला होता. आतल्या दाराच्या पडद्याआड गुंजन उभी, पडद्याच्या मधोमध कौशल्याबाई. अर्धी आत, अर्धी बाहेर.

सुरुवात झोकात झाली. नकाशा उघडला, निळे तलाव चमकले. टेकचंदजींनी आपला तलाव दाबला, तर पाण्याची पातळी, पाळी, पाणी सोडणाऱ्या पाणकराचं नाव सगळं आलं. “वा रे भाऊ! हे तं तलावावर न जाता पाय ओले झाले.” सोबतचे दोघंही हसले. इश्वरनं फळा दाखवून सांगितलं, कसा एक मालक डब्बा आहे, कशी सारी माहिती वरून खाली येते, कसं कोणी कोणाशी परस्पर बोलत नाही. टेकचंदजींनी मान डोलावली. “शिस्त पाह्यजेच.”

मग ते म्हणाले, “एक तक्रार टाकून पाहू द्या. आमच्याइथं तक्रारीबिना पानसुद्धा हालत नाही.” त्यांनी एका बोटानं टाइप करायला घेतलं. ‘पा’ उमटला. ‘णी’ उमटायला वेळ लागला. त्यानंतर काहीच उमटेना. पडद्यावर एक गोल चकरी फिरू लागली. टेकचंदजी बोट वर धरून वाट पाहत राहिले. चकरी फिरत राहिली, आणि मग तिचा कंटाळा आल्यासारखा नकाशाही गेला. टीव्ही नुसता पांढरा झाला.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

इश्वर घामाघूम. “एक मिनिट, दादा.”

“अगा, हे तं आमच्या कालव्यावानीच निघालं. वर टम्म भरून आहे, न खाली ठणठण!” टेकचंदजी म्हणाले. सोबतचा एक माणूस म्हणाला, “निदान खरं तं दाखवलं, अध्यक्षसाहेब.” तिघंही हसले, आणि त्या हसण्यात जेवणाचा वासही फिका पडला.

जेवण मात्र टेकचंदजींनी पोटभर केलं. लाखोरीची डाळ दोनदा घेतली. हात पुसता पुसता म्हणाले, “कौशल्याबाई, जेवण पहिल्या नंबरचं. इश्वरभाऊ, सोमवारपावेतो पाहा. नाही तं नागपूरवाल्याले देतो आमी. राग नको मानजा.”

गाडी गेली. ओसरीत इश्वर खुर्चीवर बसला, समोर पांढरा टीव्ही. मग तो बोलला, आवाज मोठा करून. आईसाठी तेवढ्या मोठ्या आवाजाची गरज नव्हती. ती तीन हातांवरच उभी होती.

“माय, विचार तिले. तक्रारीचं पान तिच्याच हातात होतं. तिले हे दिसलं नव्हतं का? आन् दिसलं होतं तं चूप काहून राहिली?”

पडद्याआडून आवाज आला. मोठाच. “आई, त्यायले सांगा, दिसलं होतं. आठ दिवसाआधी निरोप देला होता मी. पण लहानाचा निरोप मोठ्याइले कुठं लागते!”

“माय, तिले सांग, मले कोणताच निरोप भेटला नाही.”

“आई, त्यायले सांगा, ‘विचार करतो’ म्हणून उत्तर आलं होतं. आता खोटं काहून बोलून राहिले?”

इश्वर उभा राहिला. “खोटं? माय, तिले सांग, जिले या घराचं काम आपलं वाटत नाही, तिनं खुशाल जावं.”

“सांगा, आई, सांगा त्यायले, नागपूरच्या कंपनीनं मले बोलावलंच आहे. मी सोमवारी जाते. अमर येतात का इथंच राहतात थे त्यायचे त्यायनं पाहून घ्यावं.”

दोघांमध्ये एक पडदा, आणि पडद्याला टेकून कौशल्याबाई. दोघांचे शब्द दोघांनाही ऐकू जात होते. गल्लीतून चाललेल्या मंगलाबाईलाही ऐकू गेले असतील, कारण तिची चाल मंदावली होती. तरी दोघंही कौशल्याबाईकडेच पाहत होते, ती कधी हलते, कधी चार पावलं जाते आणि आपलं बोलणं पोचवते म्हणून. ती हलली नाही. ज्या भीतीनं तिनं निरोप दाबला, तीच भीती आता न सांगता दोन्ही बाजूंनी चालून आली होती, आणि तिला वाट दाखवणारी दुसरी कोणी नव्हती, ती स्वतःच होती. पहिल्यांदाच तिनं पडदा हातानं बाजूला सारला, पूर्ण. गुंजन आणि इश्वर समोरासमोर आले आणि दोघांनीही एकदम खाली पाहिलं.

“त्यानं नाही म्हणलं थे,” कौशल्याबाई गुंजनला म्हणाली. “‘विचार करतो’ हे म्या म्हणलं. माह्याच मनानं. त्याले निरोप देलाच नाही.” मग इश्वरकडे वळली. “आन् तू तिले बोल लावू नको. पोरीनं वेळेवर सांगतलं होतं. आठ दिवस म्या पदरात बांधून ठेवलं. मले वाटलं, म्या सांगतलं नाही तं होणार नाही.”

“कोणता निरोप, माय?” इश्वरचा आवाज एकदम उतरला.

कौशल्याबाईनं एक हात चौकटीला धरला. निरोप सांगताना ती नेहमी ताठ उभी राहायची, तशीच राहिली. आणि या वेळी एका शब्दालाही गूळ लावला नाही.

“ही म्हणते, इस्टेट सारी वर एकाच जागी ठेवू नका. ज्याची त्याले देऊन टाका. मधातल्याले फुकटचं ओझं होते, थे नुसतं वरून घेते न खाली देते. जे सगळ्याइचं आहे थेवढंच वर ठेवा, बाकीचं वाटून टाका. नाही तं सारं अडून बसन.”

इश्वर आ वासून पाहत राहिला. आधी आईकडे, मग फळ्यावरच्या मोठ्या चौकोनाकडे, मग पहिल्यांदाच सरळ गुंजनकडे. गुंजनचा हात तोंडावर गेला होता. ती हसते आहे की रडते आहे, ते कौशल्याबाईला कळलं नाही. पोराला धक्का बसला एवढंच तिला दिसलं. म्हणून ती थांबली नाही, आठ दिवसांचं सगळं एका दमात बोलून गेली:

“असा पाहू नको बापा. बरोबर म्हणते थे. म्या शेतावर जाऊन पाह्यलं, मधातल्या बांधीचे हाल खरंच होतात. घ्या वाटून, दोघंही. म्या आडवी येत नाही. फक्त जे सगळ्याइचं थेवढं वर ठेवा म्हणते ना ही, त्यात मले धरजा.”